दारावरची रोवणी

माझी फजिती माझ्याच तोंडानं सांगते. हसायचं तर हसा, पण आबांची बाजू घेतलीत तर चहा मिळणार नाही!

बी.ए. झाल्यावर मी ऑनलाइन स्पॅनिश शिकायला लागले. आबा, म्हणजे माझे आजोबा, रोज विचारायचे, "दिघोरीत कोनासंग बोलशीन वं हे?"

"दिघोरीत राहणार कोण आहे?"

शुक्रवारी अकराला मोबाइलवर, व्हिडिओ कॉलनं, तोंडी परीक्षा. विषय, पुढचे बेत. 'वॉय आ' म्हणायचं, पुढे क्रियापद जोडायचं. झालं 'मी अमुक करणार आहे'. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, रोजच्या जगण्यातले शब्द घ्या. घेतले! मोठ्या कागदावर लिहिलं, 'एल व्हिएर्नेस वॉय आ प्लांतार आर्रोस'. खाली मराठीत, 'शुक्रवारी मी धानाची रोवणी करणार आहे.' आणि मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. बघू देत आबांना, अभ्यास कसा असतो!

आबांनी बघितलं. फक्त खालची ओळ.

आमच्याकडे रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, येते म्हटलं की बायांच्या टोळीत तुम्ही मोजल्या गेलात. टोळी रोज एकेकीच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, आळीपाळीनं राबते. मग नाही आलात तर तुमच्या वाट्याचं वाकणं बाकीच्यांवर!

शुक्रवारी सकाळी शेजारच्या सखूकाकू टोळी घेऊन दारात. "चाल वं! आज तुमचीच बांधी आहे. आबाजी सांगत होते, पोरगी स्वतःहून येऊन राहिली."

"मी? कायले? तो अभ्यास आहे!"

"अक्षर तुहंच आहे ना?" आबा.

"आबा, माही परीक्षा आहे!"

"जाऊ द्या," सखूकाकू म्हणाल्या, "भेते ते चिखलाले."

भिते? मी? सलवार खोचली आणि निघाले!

अकरा वाजता मी बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गुडघाभर चिखलात माखलेली, हातात मोबाइल. परीक्षक बाईंनी विचारलं, येत्या आठवड्याचे बेत काय? सकाळपासून डोक्यात एकच क्रियापद! धडाधड बोलले. त्यांनी माझ्या मागे चाललेली रोवणी पाहिली आणि खूश झाल्या. पास!

"काय बोलली वं?" सखूकाकूंनी विचारलं.

"नुसती बडबड," धुऱ्यावर बसलेले आबा म्हणाले. "तिले तरी समजते काय?"

समजत नाही? मला? सगळ्या टोळीसमोर उभी राहून मी खणखणीत मराठीत शब्दन् शब्द ऐकवला: "उद्या मी रोवणी करणार आहे! परवा मी रोवणी करणार आहे! सोमवारी, मंगळवारी..."

सगळ्या वाकलेल्या बाया सरळ झाल्या. सखूकाकू बोटं मोजू लागल्या, "उद्या माह्या बांधीत, परवा शेवंताच्या..."

आणि आबा, जन्मात पहिल्यांदा, मान हलवून म्हणाले, "मानलं! पोरीले भाषा येते."