कोलन पाहिलेले काका

तुमच्या वाडीचं नाव कोणी ठेवलं, तुम्ही की नाक मुरडणाऱ्यांनी?

रत्नागिरीच्या एसटीत माझ्या शेजारी बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक काका होते. हातातल्या बाटलीतल्या सुगंधी कोलनवॉटरने भिजवलेल्या रुमालाने ते मान पुसत होते. कंडक्टरने त्यांच्या वाडीचं जुनं, जातीवरून पडलेलं नाव पुकारलं. काका हललेच नाहीत.

"उतरा की, काका!"

"बुद्धवाडी म्हण, उतरतो. ह्या बाटलीवरचं कोलन जर्मनीतलं शहर आहे. रोमन लोकांनी ठेवलेलं नाव, अर्थ वसाहत. इंग्रजीत कोलोन म्हणतात, पण तिथली माणसं क्योल्न म्हणतात. तिथे गेलो की मीही क्योल्नच म्हणायचो. तू तर इथलाच!"

गाडी खोळंबली. प्रवासी कुरकुरले. काका शांतपणे रुमालाची घडी घालत राहिले.

"बुद्धवाडीवाले, चला!" अखेर कंडक्टर म्हणाला.

शेजारच्या वाडीला तिथली माणसं काय म्हणतात, ते आजच विचारा. उद्यापासून तेच म्हणा.