परब आजींचं दुपारचं ताट

बसंतीने पुन्हा ताटाचा फोटो पाठवला होता. मऊ भात, त्यावर माशाची कढी, बाजूला भोपळ्याची भाजी. सगळं जसंच्या तसं. खाली मेसेज, "दीदी, दादी आज भी नहीं खाई."

मी तेव्हा प्रभादेवीला दुसऱ्या एका पेशंटच्या पाठीची जखम बघत होते. फोटो पाहिला आणि फोन उलटा ठेवला. आदल्या दिवशीही हाच फोटो होता. भाजी तेवढी वेगळी.

मी एका होम केअर एजन्सीत नर्सिंग सुपरवायझर आहे. म्हणजे आमच्या अटेंडंट मुली घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं सगळं करतात आणि त्याबद्दलची बोलणी मी खाते. हॉस्पिटलातून रिटायर झाल्यावर वाटलं होतं, हे काम जरा हलकं असेल. कसलं हलकं! रोज चार जिने चढायचे, चार जणांची समजूत काढायची आणि डबा मिळेल तिथे उघडायचा. बहुतेकदा बसस्टॉपवर.

परब आजी लालबागच्या. जुनी चाळ पाडून तिथेच टॉवर झाला, त्यात वरच्या मजल्यावर मुलगा-सुनेबरोबर राहतात. आजींना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. याला अफेझिया म्हणतात. समोरच्याचं बरंचसं कळतं, पण आपल्या तोंडून शब्द निघत नाही. आजींच्या तोंडून नुसतं "आं, आं" यायचं. मुलगा दिलीप बँकेत, सून स्नेहल शाळेच्या ऑफिसात. दोघं सकाळी निघायची ती संध्याकाळी यायची. मधल्या वेळेला आमची बसंती.

बसंती झारखंडची. हात हलका, स्वभाव शांत, कामात स्वच्छ. मराठी मात्र "बसा", "उठा" आणि "पाणी" एवढंच. आजींना हिंदी जेमतेम कळायचं. घरात सगळं मालवणी.

रात्री मुलगा-सुनेची जेवणं झाली की आजी थोडंफार खायच्या. दुपारी घासही नाही. उपाशीपोटी गोळ्या, साखर खाली, वजन उतरत चाललेलं. गिळायला काही अडचण नाही हे तपासून झालं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर राइल्स ट्यूब टाकू." राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून थेट पोटात जाणारी नळी. त्यातून पातळ अन्न ढकलायचं. ज्याला गिळता येत नाही त्याचा जीव वाचतो तिने. पण ज्याला गिळता येतं तो माणूस ती उपसून काढतो. मग हात बांधून ठेवावा लागतो. आजींचा चालणारा हात एकच, डावा. तोही बांधायचा! हॉस्पिटलात असे बांधलेले हात पुष्कळ पाहिलेत, तरी सवय झालेली नाही.

दिलीपचा फोन आला. "मॅडम, आम्हाला मराठी मुलगी द्या. आईला काय हवंय ते हिला कळतच नाही. मी व्हिडिओ पाठवलाय, बघा."

बसंतीनेच काढलेला व्हिडिओ होता. ती चमचा पुढे करते, आजी मान फिरवतात. मग डाव्या हाताने ताट जोरात ढकलतात. ताट घसरत कॅमेऱ्यापर्यंत येतं आणि व्हिडिओ संपतो.

"बघितलंत? फेकतेय ती ताट," दिलीप म्हणाला.

"आजींना बोलताच येत नाही दिलीपराव, मग मुलगी मराठी काय आणि हिंदी काय?"

"कळतं तर सगळं ना! आपल्या भाषेत दोन शब्द प्रेमाने बोलणारी पाहिजे."

चूक नव्हतं त्याचं. ऑफिसात कामत सरांना सांगितलं. ते म्हणाले, "रिप्लेसमेंट द्या. क्लायंट जाता कामा नये." रिप्लेसमेंट म्हणजे एक मुलगी काढून दुसरी पाठवायची. बोलायला सोपं. मराठी बोलणाऱ्या अटेंडंट आता शोधून सापडत नाहीत. महामुश्किलीने साताऱ्याकडची वैशाली मिळाली.

बसंतीला बातमी मीच दिली. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "दीदी, हमसे क्या गलती हुआ? दादी गुस्सा क्यों है?"

"गुस्सा नहीं है," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली.

वैशालीने आल्याआल्या आजींशी गप्पा सुरू केल्या. केस विंचरले, वेणी घातली, रेडिओ लावला. आजी खूश. दिलीप खूश. दुपारी वैशालीचा फोन आला. "मॅडम, लाडीगोडी लावून झाली, रागावून झालं. ताट माझ्याच अंगावर ढकलतात हो!"

म्हणजे इतका खटाटोप करून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. संध्याकाळी स्नेहलने फोन करून सुनावलं, "आमच्या हातचं खातात त्या रात्री. तुमच्या मुलींना भरवताच येत नाही." मी ऐकून घेतलं. त्याचेच पैसे मिळतात मला.

शुक्रवारी मी स्वतः गेले. आधी वरळी कोळीवाड्यात एका आजोबांचं कॅथेटर बदललं होतं, तिथून लालबाग. ऊन मी म्हणत होतं. गुडघा ठणकत होता. पोचले तेव्हा आजींच्या जेवणाची वेळ झाली होती. वैशालीने त्यांना उशांना टेकवून बसवलं, समोर छोटं टेबल आणि त्यावर ताट ठेवलं. आजींनी मान फिरवली. ताट ढकललं.

मी भिंतीला टेकून खाली बसले होते. उठायचं त्राण नव्हतं. भूक अशी लागली होती की आजींच्या कढीचा वास सहन होईना. मी पिशवीतून डबा काढला आणि तिथेच उघडला.

वैशालीने डोळे मोठे केले. "मॅडम, इथंच?"

तिचं बरोबर होतं. आमच्याकडे कडक नियम आहे. अटेंडंटने पेशंटसमोर खायचं नाही आणि क्लायंटच्या घरचं घ्यायचं नाही. आपला डबा स्वयंपाकघरात नाहीतर जिन्यात, पेशंटचं जेवण आटोपल्यावर गुपचूप उरकायचा. ट्रेनिंगमध्ये हे मीच घोकून घेते. त्या दिवशी मात्र म्हटलं, मरो तो नियम.

गार पोळी आणि फ्लॉवरची भाजी. पहिला घास घेतला आणि आजींचं "आं, आं" सुरू झालं. त्या वळून माझ्याकडेच बघत होत्या. डाव्या हाताने ताट ढकलत होत्या, टेबलाच्या माझ्या बाजूच्या कडेपर्यंत. मग हात ताटाकडे, हात माझ्याकडे. मी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि ताट पडू नये म्हणून धरलं. तशी त्यांनी हात मागे घेतला आणि मान हलवली.

फेकत नव्हत्या त्या. वाढत होत्या.

मी त्यातला चमचाभर भात आणि कढी माझ्या डब्याच्या झाकणात घेतली आणि खाल्ली. आजी शेवटच्या घासापर्यंत बघत राहिल्या. मी चमचा त्यांच्याकडे नेला. तोंड मिटलेलं. नजर वैशालीवर.

"वैशाली, डबा आण."

"अहो, मी ड्युटीवर आहे!"

"आण म्हटलं ना."

ती बिचारी पलंगाशेजारी बसून भराभर जेवली. तिने हात धुतले, डबा बंद केला. मग आजींनी स्वतःहून तोंड उघडलं. पूर्ण ताट संपवलं. कढी वरून मागून घेतली, वाटीवर बोट आपटून.

मी दिलीपला फोन लावून झालेलं सगळं सांगितलं. "आजी पूर्वी कधी जेवायच्या हो?"

तो म्हणाला, "आमची खानावळ होती ना मॅडम. चाळीतल्या खोलीतच. गावाकडची, गिरणीत काम करणारी माणसं जेवायची. बायको-पोरं त्यांची कोकणात. पाळी सुटली की पंगत बसायची. शेवटचा माणूस उठल्याशिवाय आई स्वतःचं ताट घ्यायची नाही. आम्ही ओरडायचो, 'आये, जेव गो आता!' तर म्हणायची, 'घरात कोण उपाशी आसताना माझ्या घशाखाली उतरात काय?'" मग हळूच म्हणाला, "मुलींना तिने कधी जेवताना बघितलंच नाही, नाही का?"

"नाही. आम्ही बघू दिलं नाही."

रात्री त्या का खायच्या, हेही मग उलगडलं. मुलगा-सून त्यांच्यादेखत आधी जेवत होते. आमच्या दोन्ही मुली दिवसभर त्यांची धुणीभांडी, अंघोळ, मालिश करत होत्या आणि आजींच्या हिशेबाने उपाशी होत्या. आपल्या घरात परक्याची लेक उपाशी आणि आपण चमच्याने भात खायचा! मला तिथे बसल्याबसल्या रडू आलं. वैशालीला वाटलं, गुडघा दुखतोय.

सोमवारपर्यंत आजी दोन्ही वेळ जेवत होत्या. डॉक्टरांनी नळीचा विषय सोडला.

कामत सरांचा विषय मात्र सुटला नव्हता. "मॅडम, उद्या क्लायंट म्हणतील, तुमची अटेंडंट आमचंच खाते."

"स्वतःचा डबा खाईल सर. फक्त आजींसमोर आणि आजींच्या आधी."

"पॉलिसी बदलता येणार नाही. अपवाद म्हणून केअर प्लॅनमध्ये टाका."

टाकलं. केअर प्लॅन म्हणजे पेशंटचं कधी काय करायचं याची यादी. त्यात गोळ्या आणि व्यायाम यांच्या मध्ये आता लिहिलंय: अटेंडंटचे जेवण, मग पेशंटचे.

वैशालीला पुढच्याच आठवड्यात घराजवळ काम मिळालं आणि ती गेली. मी बसंतीला परत पाठवलं. स्नेहल म्हणाली, "तीच?" मी म्हटलं, "तीच." आता दोघी समोरासमोर बसतात. बसंती हिंदीत बडबडते, आजी "आं, आं" करतात, आणि बसंतीच्या डब्यात भात कमी दिसला की ताट तिच्याकडे सरकतं.

नवीन पेशंट घेताना आमच्या फॉर्मवर 'पेशंटची भाषा' असा एक रकाना आहे. तो मी अजूनही भरते, भरावाच लागतो. पण त्यानंतर घरच्यांना विचारते, यांनी आयुष्यभर काय केलं? लोक चक्रावतात. कोणी सांगतं, कोणी म्हणतं, त्याचा काय संबंध.

लालबागची व्हिजिट मी आता दुपारीच ठेवते. रिपोर्टमध्ये लिहिते, 'आहाराची पाहणी'. घरी माझं जेवण झालं का हे विचारणारं कोणी राहिलेलं नाही. आजींकडे गेलं की पिशवी खाली ठेवायच्या आत डाव्या हाताचं बोट माझ्या डब्याकडे जातं. तो उघडेपर्यंत खाली येत नाही.