आधी रेघा, मग रंग

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी बेळगावात एका आर्किटेक्टबाईंकडे ड्राफ्ट्समन होतो. त्यांना आम्ही आक्का म्हणायचो. त्यांनी पुण्याहून कॉम्प्युटर आणला, तेव्हा आमच्या गल्लीत तसलं यंत्र दुसरं नव्हतं.

इमारतीची मापं भरली की कॉम्प्युटर तिचं चित्र दोन तऱ्हांनी काढायचा. नुसत्या रेघांचं चित्र चहा पिऊन होईस्तोवर तयार. भिंतींचे रंग, उन्हाच्या सावल्या असलेलं, अगदी फोटोसारखं चित्र हवं तर अख्खा दिवस जायचा. मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

निपाणीच्या मंडळींचं बुद्धविहाराचं काम आलं. ती आराखडा बघायला येणार होती. मला वाटत होतं, रंगीत चित्रच दाखवावं.

"आक्का, रेघा बघून त्यास्नी काय कळणार?"

"रंगीत बघितलं की माणसं गप बसतात रं," आक्का म्हणाल्या. "मला त्यांनी बोलायला पायजे."

मंडळी आली. दोघे शिक्षक होते, बाकी बिडी कारखान्यातल्या बायका. पडद्यावरच्या हिरव्या रेघांकडे सगळे नुसते बघत राहिले. मला धास्ती वाटली. मग एक वयस्क बाई पुढं वाकल्या.

"ह्यो दरवाजा व्हय? मग पावसात चपला कुठं काढायच्या?"

आक्कांनी तिथल्या तिथं दारावर छप्पर पुढं ओढलं आणि चित्र पुन्हा काढून दाखवलं. बाई हसल्या. त्यानंतर कुणी थांबेना. खिडकी सरकली, ओटा खाली आला. एक शिक्षक म्हणाले, "पोरं अभ्यासाला कुठं बसणार?" सभागृह थोडं आखडून आक्कांनी शेजारी एक खोली काढली. कागदावर याच फेरफाराला मला आठवडा लागला असता.

सगळं ठरल्यावरच एका रविवारी आक्कांनी रंगीत चित्राला हात घातला. वरून खाली, पट्टी पट्टीनं ते उमटत होतं. आक्का जेवायलाही उठल्या नाहीत. नशिबानं लाईट टिकली. पडद्याचा कॅमेऱ्यानं फोटो काढून आम्ही तो निपाणीला नेला. बायकांनी तो हातोहात फिरवला. "लई देखणं झालंय," त्या वयस्क बाई म्हणाल्या, आणि आक्कांना जवळ बसवून घेतलं.

विहार उभा राहिला. उद्घाटनाला आम्ही गेलो, तर अभ्यासाच्या खोलीत मुली पुस्तकं उघडून बसलेल्या. त्यांचं वाचन मोडू नये म्हणून आक्का दारातूनच बघून परतल्या. गाडीत बसल्यावर मात्र त्यांना भरून आलं.