हजराने आणलेला बर्फाचा आवाज

दोह्यात कतारी घरचं लग्न असलं की बायकांचा हॉल वेगळा असतो आणि तिथे पुरुष कॅमेरावाल्याला पाऊल ठेवता येत नाही. हजराचं काम यातूनच सुरू झालं. नवऱ्याच्या मागोमाग ती श्रीवर्धनहून इथे आली, अल हिलालच्या लहानशा फ्लॅटमध्ये राहू लागली, आणि एका शेजारणीच्या मेहंदीत कुणाचा तरी हँडीकॅम तिच्या हातात आला, तो सुटलाच नाही. पुढे तिने कितीतरी नवऱ्या मुली सोन्याने मढून पायऱ्या उतरताना टिपल्या. ती बोलायची कमी. काम संपलं की टेप तिथल्या तिथे घरच्या बाईच्या हातात द्यायची. म्हणून मोठ्या घरांतूनही तिला बोलावणं यायचं.

मरियमचं घर असंच एक. तिच्या बहिणीचं लग्न हजराने शूट केलं होतं. २००१च्या डिसेंबरात मरियमने तिला पुन्हा बोलावलं. दिवाणखान्यात मरियमची आई बसली होती. मोठ्या मुलाच्या नावावरून सगळे तिला उम्म जासिम म्हणत, म्हणजे जासिमची आई. तिच्या डोळ्यांच्या नसा सुकत गेल्या होत्या. आता तिला फक्त उजेड कळायचा आणि त्यात एक पांढरं धुकं.

"फेब्रुवारीत आम्ही बहिणी लेबनॉनच्या डोंगरात जातोय, स्कीइंग शिकायला," मरियम हिंदीत म्हणाली. "तू शूटिंगला चल. सगळ्या बायकाच आहोत."

"आणि मला बर्फ आणून दे," उम्म जासिम मध्येच म्हणाली. तिचंही हिंदी चांगलं होतं, वडिलांकडे येणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून लहानपणी उचललेलं. "मला दिसणार नाही. पण बर्फ पडतो तेव्हा आवाज होत असेल ना? तो आण."

हजराने मान डोलावली खरी, पण तिने स्वतः तरी बर्फ कुठे पाहिला होता!

घरी तिने नवऱ्याला, फजलला, विचारलं. तो इंडस्ट्रियल एरियातल्या एका कोल्ड स्टोअरमध्ये सुपरवायझर होता. "अगो, आमच्याकडचा बर्फ मशीनचा," तो हसला. "तो गप असतो, मशीनच बोलते. पण तू जा. अफशांला मी बघतो." त्यांची अफशां तेव्हा तिसरीत होती. ती गृहपाठातून डोकं वर काढून म्हणाली, "मम्मी, इज स्नो सॉल्टी?"

मरियमने नवा कॅमेरा हजरालाच निवडायला सांगितलं होतं. कॅमेऱ्यांच्या दुकानात संजीव म्हणून साताऱ्याचा माणूस होता. त्याने आधी खांद्यावरचा मोठा कॅमेरा काढला. "ताई, पिक्चर म्हणाल तर हाच."

हजराने तो उचलून पाहिला. "उतारावर पाय घसरला तर पुढे हा जाईल आणि मागून मी."

मग त्याने तळहातावर मावणारा छोटा दिला. तो हलका होता, लगेच आवडण्यासारखा. हजरा तो घेऊन मागच्या स्टोअररूममध्ये गेली, दार लावलं, रेकॉर्डिंग सुरू करून कान लावला. आत टेप फिरत होती आणि तिची बारीक घरघर ऐकू येत होती.

"लग्नात हे कुणाला कळत नाही," संजीव म्हणाला.

"बर्फात कळेल. मला माइक कॅमेऱ्यापासून लांब धरता आला पाहिजे."

शेवटी मधल्या आकाराचा ठरला. त्याला बाहेरचा माइक लावता यायचा, आणि उजेड हाताने कमीजास्त करता यायचा. संजीवने आठवणीने सांगितलं, "बर्फावर ऑटोमध्ये शूट करू नका. कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे, आणि तो सगळा बर्फ राखाडी करून टाकतो. तुम्ही उजेड थोडा वाढवा. आणि भिंगापुढे साधी काच लावा, पुसायची ती पुसा, भिंगाला हात नको." ती काच त्याने स्वतःच बसवून दिली.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी फजल तिला कोल्ड स्टोअरमध्ये घेऊन गेला. त्या सकाळी दोह्यात दाट धुकं होतं. रस्त्याच्या कडेच्या क्रेन अर्ध्यातच संपत होत्या आणि कंपन्यांच्या बसेस कुठून तरी हळूच प्रकट होऊन पुन्हा विरघळत होत्या. त्या पांढऱ्यातून ते एका लोखंडी दारापाशी आले. ते उघडल्यावर आत दुसरं धुकं होतं.

फजलचं जाडं जॅकेट अंगावर चढवून हजरा आत उभी राहिली. चिकनच्या खोक्यांच्या भिंती छतापर्यंत गेलेल्या, त्यांच्यावर दव गोठून लव आलेली. तिच्या तोंडातून वाफ निघाली. ती तिने पहिल्यांदाच पाहिली, आणि काही वेळ ती नुसता श्वासच सोडत राहिली. मग कॅमेरा लावला. त्यातून फजल गल्लीच्या टोकाला उभा दिसत होता, निळसर, पुसट, परक्या मुलखातला कुणी असावा तसा. इतक्या वर्षांत तिने त्याला असं लांबून पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात चित्र विझलं. बॅटरी संपली होती.

"आताच तर भरून आणलेली," ती म्हणाली.

फजलने बॅटरी काढून सदऱ्याच्या आत काखेत धरली. "माझी पेनंपण अशीच मरतात इथे. जरा ऊब दिली की लिहितात." थोड्या वेळाने बॅटरी खरंच चालू झाली.

पण बाहेर आल्यावर कॅमेऱ्याला घाम फुटला. भिंग, काच, बटणं, सगळ्यावर पाणी. ऑगस्टमध्ये एसीतून गच्चीवर गेलं की असंच व्हायचं, हे तिला तेव्हा आठवलं. दिवसभर तो कॅमेरा कोरडा होईना. संध्याकाळी चालू झाला तेव्हा तिने ठरवलं, यापुढे थंडीतून आत यायच्या आधी कॅमेरा पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करायचं, आणि तो खोलीइतका कोमट होईपर्यंत पिशवी उघडायची नाही.

फजलने एक फाटकं जॅकेट आणून दिलं. हजराने ते उसवून कॅमेऱ्याला अंगरखा शिवला. पुढे भिंगाला भोक, बाजूला हात आत घालायला बाही. बॅटऱ्यांसाठी स्वतःच्या कुडत्याला आतून खिसे लावले.

लेबनॉनमधल्या त्या गावात ती पोहोचली तेव्हा डोंगर खालपासून वरपर्यंत पांढरे होते आणि ऊन इतकं की डोळे उघडवत नव्हते. पहिले दोन दिवस छान गेले. मरियम आणि बहिणी पडत होत्या, हसत होत्या. हजराला गंमत वाटली ती आवाजांची. इथे आवाज लांब जातच नव्हता; माणूस बोलायचा आणि शब्द त्याच्या पायाशीच पडायचा.

तिसऱ्या दिवशी बर्फ पडू लागला. हजराने माइक काठीला बांधून पुढे धरला. मरियम वरून निघाली आणि पाहता पाहता ढग उतारावर उतरला. आधी मरियम गेली, मग स्कीवाल्यांना वर ओढून नेणाऱ्या दोरीचे खांब, मग स्वतःचे बूट. हजराला काहीच दिसेना. कॅमेऱ्यातही नुसता पांढरा रंग. बंद करावा का? टेप वाया जात होती. पण तिने हात आखडला नाही. अंगरख्याच्या कापडावर बर्फ पडत होता, टिप टिपही नाही, कुणी रवा चाळावा तसा. कुठून तरी स्कीची सळसळ आली, थांबली. मग मरियमची हाक, "हजरा! कुठेयस?"

"इथे! आवाजाकडे या!"

ती येईपर्यंत हजरा भीतीने जोरजोरात श्वास घेत उभी होती. मरियम धुक्यातून येऊन तिला जवळजवळ धडकलीच, आणि दोघी बर्फात बसून हसत सुटल्या.

दोह्याला परतल्यावर सगळ्या टेपा उम्म जासिमच्या खोलीत लागल्या. उन्हातले डोंगर पाहून नाती ओरडत होत्या. म्हातारी कान लावून बसली होती. मग तो पांढरा भाग आला.

"हा काढून टाकू. काही दिसतच नाही," मरियम म्हणाली.

"थांब," उम्म जासिम म्हणाली. "तुम्हाला काय दिसतंय?"

"काही नाही, यम्मा. पांढरं."

"मला रोज हेच दिसतं." ती पुढे सरकून बसली. खोलीत आता फक्त ती रव्यासारखी रिमझिम, सळसळ, हाक. "आणि हा श्वास कुणाचा?"

"माझा," हजरा ओशाळून म्हणाली. "चुकून आला."

"राहू दे. बर्फात माणूसही हवा." तिने तो भाग पुन्हा लावायला सांगितला, आणि मग पुन्हा.

पुढच्या हिवाळ्यात उम्म जासिम स्वतःच निघाली. मुलांनी नको म्हटलं, डॉक्टरांनी कुरकुरत हो म्हटलं. उताराच्या पायथ्याशी तिला खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर घोंगडी टाकली. बर्फ पडत होता. तिने हातमोजा काढला आणि तळहात पसरून धरला. हजरा समोर कॅमेरा घेऊन उभी होती.

"चालू आहे?"

"हो."

"मग आज तू बोल. तुझ्या घरच्या भाषेत. काय दिसतंय ते सांग मला."

"तुम्हाला कळणार नाही."

"यल्ला, चल, बोल."

हजराने घसा साफ केला. कॅमेऱ्यामागून ती कधी बोलली नव्हती. "तुमच्या हातावर एक कण पडला," ती हळूच मराठीत म्हणाली. "लगेच विरघळला. आता दुसरा पडतोय..."

उम्म जासिमने मान कलती केली आणि ऐकत राहिली.