आमच्याच वेळेला बाजा बंद?

हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्यावर ढकललं तर मी ते शहाण्यासारखं, नीट जमवून लिहीन आणि मंग त्यात सुमेध उरणारच न्हाई. म्हणून हसनाबादहून आल्याआल्या, पायाचा चिखल पण न धुता, टाइप करून राह्यले. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

सुमेध गेला त्याला आता काही आठवडे झाले. मी बदनापूर स्टेशनवर जालन्याच्या गाडीची वाट बघत उभी होते, पाठीला बास गिटार, आणि इरफानचा फोन आला. इरफान आमचा ड्रमर, जालन्यातल्या मस्तगडचा. त्याची पद्धत अशी की फोन उचलला की पहिले शिवी, मंग हॅलो. त्या दिवशी शिवी आलीच न्हाई. "तू बैठ पहले," म्हणला. बसायला कुठंच जागा नव्हती, मी उभीच. डेंग्यू झाल्ता सुमेधला, ते माहीत होतं. ताप उतरला म्हणून घरचे खूश झाल्ते, आणि मंग... गाडी आली, लोक चढले, गाडी गेली, मी तिथंच. आणि मला सगळ्यात पहिले काय सुचलं सांगू? रडू न्हाई आलं. डोक्यात आलं, अरे, मंग मावशीला दिलेल्या शब्दाचं काय?

मावशी कोण, शब्द कसला, ते सांगते. पण आधी आमचा बँड. नाव 'वरात कॅन्सल'. सुमेध गाणार आणि गिटार, इरफान ड्रम, मी बास. जालन्यात रॉक बँड म्हणलं की लोक विचारतात, लग्नाची ऑर्डर घेता का? म्हणूनच ते नाव. आमची गाणी म्हणजे नुसती टवाळी. चौकातल्या बॅनरवर गॉगल लावून उभे राहणारे वाढदिवसवाले भाऊ, शेततळ्यात उभं राहून प्री-वेडिंगचे फोटो काढणारे नवरा-नवरी, कोणालाच सोडलं न्हाई. एका गॅदरिंगला आयोजकानं चिडून लाइटच बंद केली, तर हा पठ्ठ्या माइकशिवाय स्टेजच्या टोकावर येऊन त्या आयोजकाच्या मिशीवर जागच्या जागी गाणं रचून म्हणून राह्यला. पब्लिक खुर्च्यांवर चढलं. आयोजकाला पण हसू आलं, खरंच. सुमेधचं हे असं होतं, ज्याची खेचायचा तोच त्याच्याजवळ येऊन बसायचा. मला नावानं कधी हाक मारली न्हाई त्यानं. "ए बदनापूर, जल्दी! तुझी गाडी लेट म्हणून जग थांबत न्हाई." तालमीला पोचले की हे ठरलेलं.

तर हा माणूस एक दिवस तालमीला आला आणि म्हणला, आता टवाळी बंद, आपण गावाकडच्या गाण्यांचा अल्बम करायचा. त्यानं कुठंतरी ऐकलं होतं की बाहेरच्या देशात एका अशाच वात्रट बँडनं एकदम सरळ तोंडानं कंट्री अल्बम केला. कंट्री म्हणजे तिकडची शेताशिवाराची, घोड्या-गाडीची गाणी. "आपला कंट्री कुठंय?" इरफाननं विचारलं. "हसनाबाद," सुमेध म्हणला. आम्ही इतकं हसलो की इरफानच्या हातातून ड्रमची काडी पडली. सुमेध हसत नव्हता. तिथूनच मला ही खाज सुटली, हा असं का करून राह्यला? हसनाबाद म्हणजे जालन्याकडचंच एक गाव, तिथं त्याची गयामावशी राहते, त्याच्या आईची मोठी बहीण. मावशी आणि तिच्या सावडीतल्या बाया, म्हणजे आज हिच्या रानात सगळ्यांनी मिळून काम, उद्या तिच्या, खुरपताना गाणी म्हणतात. ती गाणी त्याला पाहिजे होती. का, ते तो नीट सांगेना. "ऐकलीत का तू? न्हाई ना? मंग गप चल."

त्याच्या आईला मात्र हे बिलकुल पटलं न्हाई. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लहानपणी या दोघी बहिणी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायच्या, त्यातनं आई शिकून बाहेर पडली, मावशी राह्यली. आमची तालीम त्यांच्याच घरात वरच्या खोलीत चालायची. कानाचे पडदे फाटायचे, पण त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या काकूंनी, कधी हू का चू केलं न्हाई, उलट पोह्यांचं पातेलं वर यायचं. त्या दिवशी पातेलं घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते काय परत खुरप्याची गाणी म्हणायला? माझ्या हाताला अजून घट्टे हायेत बघ. त्याचं तुम्हाला कौतुक वाटायलंय?" सुमेधनं खाली मान घालून पोहे खाल्ले.

तरी आम्ही गेल्तो. मागच्या पावसाळ्यात, कपाशीच्या खुरपणीला. आणि गंमत ऐका, 'वरात कॅन्सल'च्या सुमेधनं आम्हाला काहीच वाजवू दिलं न्हाई! ड्रम घरीच ठेवला, गिटार पिशवीत बंद. नुसता रेकॉर्डर बांधावर ठेवायचा, माइक बायांच्या जवळ धरायचा आणि आपण श्वास पण हळू घ्यायचा. इरफान शिंकला तर त्याच्याकडं असं बघितलं की जसं काय मशिदीत फटाका फोडला. बाया एकीएकीनं पात धरून बसल्या, पात म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याची ओळ, आणि म्हणायला लागल्या. सासूवरची, नवऱ्यावरची, सरपंचावरची... आमच्यापेक्षा वात्रट! मी बास वाजवणारी, माझे पाय आपोआप ताल धरून राह्यले. सुमेध डोळे मिटून उभा, चिखलात, चपला हातात. मी त्याला इतकं शांत कधीच बघितलं न्हाई.

जालन्यात येऊन त्यानं सगळं साफ केलं, वाऱ्याचा आवाज काढला, एक-दोन ठिकाणी अगदी बारीक गिटार टाकली. आम्हाला खूप भारी वाटलं. आणि त्यानं ठरवलं की पहिले मावशीला ऐकवायचं, ती हो म्हणली तरच बाहेर काढायचं. आम्ही परत हसनाबादला. ओसरीवर सगळ्या बाया जमल्या, स्पीकर लावला, गाणी संपली. मावशी म्हणली, "चांगलं हाये." बस. मावशी बोलायला लागली की शेजारचं गाव ऐकतं, आणि ती म्हणते, चांगलं हाये! सुमेधचा चेहरा पडला. मी चहाचे कप उचलायला आत गेले, तर चुलीपाशी बायांची कुजबुज चाललेली. मला बघून एक म्हणली, "पोरी, तू सांग. यूट्यूबवर तुमची गाणी बघितली आम्ही. त्या शेततळ्यातल्या नवरा-नवरीला एवढा मोठा बाजा लावला. त्या बॅनरवाल्यांना लावला. आमच्याच वेळेला बाजा बंद? आमचा काय खर्चा जास्त होत होता का?"

मला एकदम चटकाच बसला. आम्ही ज्याला मान समजून राह्यलो होतो तो त्यांना अपमान वाटला होता. मी बाहेर येऊन सुमेधला हे मावशीसमोरच सांगितलं. तो उठून उभा राह्यला. "मावशी, अगं, तुमच्यावर ड्रम वाजवला तर तुमचा आवाज मरतो! मला पहिल्यांदा वाटलं गं, की आपण गप बसावं."

"तू गप बसला, ते आम्हाला दिसलं," मावशी म्हणली. "मयताला आल्यावानी उभा होता तू. आम्ही काय मेलो व्हय रे? जयंतीला पोरं बाजा लावतात तवा आमचा आवाज मरतो का? तुझ्या बाजाच्या वर न्हाई गेला माझा आवाज तर नाव बदल माझं. बाजा लावून कर. न्हाईतर हे बाहेर काढायचं न्हाई."

हा तो शब्द. सुमेध दोन्ही हात जोडून हो म्हणला, पण मनातनं न्हाई. कितीतरी दिवस तो माझ्याशी भांडून राह्यला. म्हणायचा, त्यांना कळत न्हाई त्यांच्याकडं काय हाये. मी म्हणायचे, तुला कळतं का मंग? तू त्यांना काचेच्या कपाटात ठेवून राह्यलास. इरफान म्हणायचा, "मेरेकू ड्रम बजाने दो, बाकी तुम लोग देखो." आणि एक दिवस, काहीच विषय नसताना, गिटारच्या तारा बदलता बदलता सुमेध म्हणला, "बदनापूर, मी घाबरलो होतो का गं? म्हणजे टवाळी करताना भीती वाटत न्हाई, कारण लोकांना वाटतं मस्करी चाललीय. इथं चुकलो असतो तर दिसलं असतं... म्हणून वाजवलंच न्हाई." मी म्हणलं, काय माहीत. तो म्हणला, "बराबर. मला पण न्हाई माहीत. चल, यंदाच्या खुरपणीला ट्रॉलीवर ड्रम चढवू." पावसाळा लागला, खुरपणी तोंडावर आली, आणि त्याला ताप आला.

सुमेधच्या जलदान विधीला, म्हणजे मयतानंतरच्या बौद्ध विधीला, मावशी आमच्याकडं न बघताच निघून गेली. आम्हाला वाटलं संपलं. काल सकाळी तिचा फोन. "कपाशीत गुडघाभर गवत झालंय. येता का न्हाई बाजा घेऊन?" मी इरफानला विचारलं, तो लगेच म्हणला, चल. मंग भीत भीत काकूंना सांगितलं. त्या म्हणल्या, "मी येते. गाणी ऐकायला न्हाई. गयाला भेटायला."

आज आम्ही वाजवलं. बांधावर ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रॉलीत ड्रम, जनरेटर, माझा बास. सुमेधचा माइक सवयीनं इरफाननं मधोमध लावला आणि मंग तो काढायची हिंमत दोघांची पण झाली न्हाई. काकू बाभळीखाली पर्स मांडीवर घेऊन बसल्या. आणि मावशी खरं बोलली होती! इरफान सगळा जोर लावून हाणून राह्यला, तरी त्या बायांचा आवाज वरून जात होता, एकदम धार लावल्यासारखा. मला हसू पण येत होतं आणि राग पण येत होता, की हे ऐकायला तो न्हाई.

एक एक करून बाया बांधाला पोचल्या, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, मधली एक पात तशीच गवतात राह्यली होती. कोणी धरलीच नव्हती ती. मावशीनं कंबरेवर हात ठेवून एक नवीनच गाणं उचललं, मागच्या वर्षी न म्हणलेलं:

सगळ्या पाती बांधाला, एक पात रानात,
मागं राह्यली कोण गं, कुणाच्या गं ध्यानात?

"ये कौनसा है?" इरफान ओरडला. मावशी म्हणली, जिची पात मागं राह्यली तिचं नाव घालून हे म्हणायचं, तिला चिडवायचं. ती बांधाला येऊस्तोवर थांबायचं न्हाई. तू वाजव. इरफाननं उचललं, मी उचललं, आणि दुसऱ्या फेरीला सगळ्या बायांनी मिळून नाव घातलं... सुमेध राह्यला मागं गं, कुणाच्या गं ध्यानात?

चिडवत होत्या त्याला! रडत न्हाई, चिडवत, हसत, त्यानं लोकांना चिडवावं तसं. फेरीवर फेरी. इरफानच्या डोळ्यातनं पाणी चाललेलं, हात चाललेले, आणि तो माझ्याकडं बघून राह्यला, बंद कधी करायचं? मला काय माहीत. जो येणारच न्हाई त्याच्यासाठी हे गाणं थांबवायचं कसं?

काकू उठल्या. पर्स बाभळीखाली ठेवली, पदर खोचला, एका बाईच्या हातातनं खुरपं घेतलं आणि त्या मधल्या पातीच्या सुरुवातीला जाऊन बसल्या. बायांनी आवाज अजून चढवला. मावशी मधेच ओरडली, "अगं मास्तरीण, तण काढायलीस का कपाशी?" काकू मान वर न करता म्हणल्या, "तू तुझं गाणं बघ!" हात अडखळत होते आधी, मंग अडखळेनात. आम्ही वाजवतच राह्यलो. माझी बोटं सोलली. काकू इंच इंच पुढं सरकत आल्या, चिखलात, शाळेच्या साडीत, आणि बांधाला हात लावला. मावशीनं हात वर केला. बंद.

जनरेटरचा आवाज तेवढा राह्यला. मावशीनं बहिणीला हाताला धरून उठवलं, तिच्या तळहाताला लागलेली माती आपल्या पदरानं पुसली, आणि आमच्याकडं बघून म्हणली, "आता काढा बाहेर तुमचा अल्बम."

तर असं झालं. सुमेधला ती गाणी का पाहिजे होती, हे मला अजून पक्कं सांगता येत न्हाई, आणि आता विचारायला तो न्हाई. पण ती पात आता साफ हाये, मी माझ्या डोळ्यांनी बघितली. तुमच्याकडं आहे का हो असं काही, गाणं, काम, काहीपण, जे कोणीतरी अर्ध्यात सोडून गेलं आणि भलत्याच माणसानं उठून पुरं केलं? ज्याच्याकडून बिलकुल अपेक्षा नव्हती अशा माणसानं? झालंय का तुमच्यासोबत?