औषधाचा डबा आन हिरवा चहा

डॉक्टरीणबाईनं रिपोर्ट पाहिला आन म्हणाली, "बाबा, कॅन्सर नाही. आतड्याची लायनिंग खराब झाली आहे."

लायनिंग म्हणजे अस्तर. मी विचारलं, कोटाले राह्यते तसं? ती म्हणाली, तसंच. माझ्या लग्नाच्या कोटाचं अस्तर अजून शाबूत आहे, मग हे काऊन फाटलं? ती म्हणाली, तेच शोधायचं आहे.

माझी बायको सुमन चैतात गेली. तेव्हापासून भेटेल त्याले मी सांगत होतो, देवानं आता मलेबी न्यावं. श्रावणात पोटात आग सुरू झाली. दिवसातून सात-आठ वेळा परसाकडे, वरून रक्त. देव खरंच न्याले आला असं वाटल्याबरोबर मी देवळीहून पहिली एसटी धरली आन वर्ध्याच्या दवाखान्यात जाऊन बसलो. सेलूहून पोरगी वनिता आली.

कोलोनोस्कोपी केली. म्हणजे मागून दुर्बीण घालतात. त्याच्या आधी पोट धुवायचं औषध पाजतात. ज्याले करायची असंल त्यानं संडासाजवळची खाट मागून घेजो बाप्पा. लाजू नको. दुर्बीण बरी, तिच्या आधीची रात नाई बरी. मग रिपोर्टसाठी तीन दिवस बाकावर. त्या तीन दिवसांत मले समजलं की मले मरायचं नाई.

आता बाईनं विचारलं, "औषध कोणतं घेता?"

"यंदा दोन घेतले. एक तुडतुड्याचं, एक बोंडअळीचं."

बाईचा पेन थांबला. "किती वेळा?"

"पंधरा दिवसांतून एकदा. पंपानं."

वनितानं पदर तोंडाले लावला. बाई पुण्याकडची. पिकावर मारायच्या विषालेबी आमच्याकडे औषधच म्हणतात, हे वनितानं तिले सांगितलं. बाई खूप हसली. मग हसणं थांबवून तिनं विचारलं, रिकामे डबे कुठं टाकता?

मी खरं सांगितलं. उन्हाळ्यात माठ फुटला. गोठ्यात मागच्या सालचा औषधाचा रिकामा डबा होता, चांगला जाड, झाकण फिट्ट. सर्फ टाकून तीनदा धुतला आन त्यातच प्यायचं पाणी भरून राह्यलो.

आता कोणीच हसलं नाई. बाई म्हणाली, त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण ते पाणी आजपासून बंद.

सुमन असा डबा उंबरठ्याच्या आत येऊ देत नव्हती. फवारून आलो की गोठ्यात आंघोळ, मग घर. ती असती तर डब्यासंगं मलेबी बाहेर ठेवलं असतं.

वनितानं मोबाइलात ग्रीन टीचं वाचलं होतं. बाई म्हणाली, असल्या विषापासून तो आतड्याचं अस्तर थोडंफार सांभाळतो, असं उंदरांवर दिसलं आहे. माणसांचं अजून पक्कं नाही. एखादा कप प्या, पण मी लिहून दिलेल्या गोळ्या सोडू नका.

ग्रीन टी म्हणजे हिरवा चहा, एवढं इंग्रजी मले येते. मोरीमागं सुमननं लावलेलं गवती चहाचं बेट होतं. मोरीच्या पाण्यावर जगलं होतं. रोज पाती कापली, दूध, साखर, अद्रक टाकून उकळली. पंधरा दिवसांत आग गेली, रक्त थांबलं. परत दाखवाले गेलो तेव्हा बाईसमोर मी हिरव्या चहाची लय तारीफ केली. तिनं विचारलं, कसा करता? मी सांगितलं.

"बाबा, तुम्ही पंधरा दिवस गवत उकळून प्यालात."

"मंग बरा कसा झालो?"

"गोळ्यांनी. आणि डबा सोडल्यानं."

म्हणून सांगतो, ज्याच्या घरी फवारणी होते त्यानं ऐकजो. रिकाम्या डब्याले खिळ्यानं भोकं पाडजो, म्हणजे कोणाले त्यात पाणी भरायची बुद्धीच होणार नाई. मी पाडली. देवळीच्या बाजारातून नवा माठ आणला. त्यावर सुमन ठेवायची तसा पेला पालथा ठेवतो.

वनितानं खरा ग्रीन टी आणून दिला. दूध नाई, साखर नाई. तोंड वाकडं होते इतका कडू. तरी रोज एक कप घेतो. सुमन गेल्यापासून घरात मले कडू बोलणारं कोणी राह्यलं नाई. तेवढं तरी असू द्या.