दोन नंबर मोठी

माप घेतल्याशिवाय टेलरमास्तर कात्रीला हात लावत नसत, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. लेकीसाठी माउंटन बाईक घ्यायला मात्र ते एकटेच गेले.

"मुलीला आणा, बसवून बघू," दुकानदार म्हणाला.

"माझी नजर म्हणजे टेप आहे," असं त्याला सुनावून मास्तरांनी दोन नंबर मोठी सायकल उचलली. वाढतं अंग, चार वर्षं तरी बघायला नको.

महिनाभर लेक रोज सायकल घेऊन शाळेला निघायची. "कशी चालते?" विचारलं की म्हणायची, "मस्त, बाबा."

आज एका गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला मास्तर शाळेच्या रस्त्याने गेले. लेक सायकल हातात धरून चालत होती आणि मैत्रिणी सायकलींवरून भराभर पुढे जात होत्या. मास्तर झाडाआड झाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्यांनी गळ्यातली टेप काढून लेकीच्या पायाचं माप घेतलं. सीट पार खाली करूनही पाय जमिनीला टेकायला चार बोटं कमी पडत होती. मास्तरांना मान वर करवेना.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "मी लवकर वाढेन."